दहा कामट्यांचा तारा

दहा लांब कामट्या, पाच आखूड आणि थोडा दोरा. फिलिपिन्समधल्या नाताळच्या कंदिलाचा, म्हणजे ‘पारोल’चा, सांगाडा एवढ्यात होतो. पाच कामट्या एक वरून, एक खालून अशा एकमेकींत अडकवल्या की पाच टोकांची चांदणी तयार होते. तिची टोकं बांधायची. अशीच दुसरी चांदणी करायची. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं पुन्हा आवळायची. इथवर हातात काही विशेष नसतं. मोडक्या पतंगाचा सांगाडा वाटावा अशी चपटी वस्तू असते. मग आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी दोन चांदण्यांच्या मधे एकेक आखूड काडी उभी खोचायची. चौथ्या काडीपर्यंत सगळं डळमळतं. पाचवी बसली की चांदणी एकदम पोट काढून उभी राहते, तव्यावर फुलका फुगावा तशी.

हे मी मनिलात शिकले नाही. सान फ्रान्सिस्कोत, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला, ज्याला तिथे ‘सोमा’ म्हणतात त्या भागातल्या एका सभागृहात शिकले. डिसेंबरात भाचीकडे गेले होते. तिच्या शेजारी राहणारी फिलिपिनो नर्स दर वर्षी या कार्यशाळेला जायची. कंदिलाचं नाव निघाल्यावर मीही तिच्याबरोबर निघाले. लांब टेबलांवर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांवर कामट्यांच्या जुड्या, रंगीत पातळ कागदाची भेंडोळी, कात्र्या आणि रबरबँडांचा ढीग. सात-आठ वर्षांच्या मुलांपासून काठी टेकत आलेल्या आजोबांपर्यंत पन्नासेक माणसं होती. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘आते’ म्हणत होते. तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण, आपल्या ताईसारखं. माझ्या कानाला मात्र त्या शेवटपर्यंत आत्याच वाटत राहिल्या.

मी दोरा दातात धरून गाठ मारली, तेव्हा त्या माझ्याजवळ थांबल्या. ही गाठ कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे दिवाळीत असाच कंदील करतात, लहानपणी चाळीच्या गॅलरीत बसून भावांबरोबर पुष्कळ केलेत, असं मी सांगितलं. आणि तुम्ही? मला वाटलं होतं, एखाद्या गावाचं, एखाद्या आजीचं नाव येईल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, इथेच. मनिलात त्यांच्या घरी पारोल रस्त्यावरच्या दुकानातून विकत येत असे. शाळेत डिसेंबरात पारोल करून न्यावा लागे, त्याला गुण असत, आणि तो त्यांचे वडील करून देत. (आपल्याकडच्या कार्यानुभवाच्या तासाची मला आठवण झाली, माझा कंदीलही एका वर्षी थोरल्या भावानंच केला होता.) अमेरिकेत आल्यावर, चाळिशीत, या सभागृहात त्या पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पारोल करायला शिकल्या. आणि आता त्या इतरांना ‘परंपरा’ शिकवत होत्या.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. परंपरा हा शब्द ऐकला की तिचं जन्मसाल विचारायची खोड मला आहे. परत आल्यावर ते जन्मसाल शोधायला बसले, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की मी चुकीची वस्तू शोधते आहे.

नावापासून सुरुवात करू. स्पॅनिश ‘फारोल’ म्हणजे कंदील. तागालोगमध्ये मुळात ‘फ’ नाही, त्यामुळे फारोलचा पारोल झाला. देशाचं स्वतःचं नावही तिथे ‘पिलिपिनास’ आहे. फारोलच्या मागे ग्रीक ‘फारोस’ उभा आहे, अलेक्झांड्रियाचं प्रसिद्ध दीपगृह ज्या बेटावर होतं ते. याची गंमत वाटण्याआधी आपला ‘कंदील’ पाहावा. तो अरबी ‘किंदील’वरून आला, आणि अरबीत तो ग्रीकमार्गे लॅटिन ‘कांदेला’वरून, म्हणजे मेणबत्तीवरून. आकाश संस्कृत, कंदील रोमन. जोड मात्र अस्सल मराठी. पारोलचा कागदही नावानं परकाच आहे: ‘पापेल दे हापोन’, जपानी कागद. चिकटवायला पिठाची खळ, तिला ‘गावगाव’ म्हणतात. बांबू आणि खळ तेवढी घरची.

लेगास्पीच्या हाताखाली स्पॅनिश लोक १५६५ मध्ये सेबूला आले ते स्पेनहून थेट नव्हे, मेक्सिकोहून. पुढची अडीचशे वर्षं, १८१५ पर्यंत, मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये वखारीची गलबतं जात-येत होती, आणि फिलिपिन्सचा कारभार मेक्सिकोमार्गे चालत होता. त्यामुळे तिथला ख्रिस्ती धर्म मेक्सिकोच्या वळणाचा आहे. १५८०च्या दशकात दिएगो दे सोरिया या मेक्सिकोतल्या धर्मगुरूनं नाताळच्या आधी नऊ दिवस मिस्सा करण्याची परवानगी पोप पाचवे सिक्स्तस यांच्याकडून मिळवली, असं सांगितलं जातं. १६ ते २४ डिसेंबर या त्या नऊ मिस्सा फिलिपिन्सला पोचल्या आणि तिथल्या शेतकऱ्याच्या घड्याळात बसल्या. दिवस सुगीचे. उजाडल्यावर माणूस शेतावर जाणार, म्हणून मिस्सा पहाटे चारला. तिला ‘मिसा दे गायो’ म्हणतात, कोंबड्याची मिस्सा. तागालोगमध्ये ‘सिम्बांग गाबी’. अंधारातून, बांधावरून, पायवाटेनं माणसं चर्चकडे निघत आणि वाट दिसावी म्हणून हातात कंदील घेत. पारोलचं पहिलं काम एवढंच होतं.

(याच दशकात आपल्या वसईत जन्मलेला एक माणूस मनिलात होता. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. तो मनिलात १५८७ मध्ये फ्रान्सिस्कन संघात आला, १५९३ मध्ये दुभाषा म्हणून जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. १८६२ मध्ये चर्चनं त्याला संत ठरवलं. वसईच्या ख्रिस्ती घरांत आजही त्याचं नाव आहे. मनिला आपल्याला वाटते तितकी लांब नाही, एवढंच सांगायचं होतं.)

कंदिलाला आकार कुठून मिळाला याबद्दल अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. एक मेक्सिकोतल्या ताऱ्याच्या आकाराच्या पिन्यातांकडे आणि तिथल्या नाताळच्या मिरवणुकांकडे बोट दाखवतो, दुसरा मनिलाच्या चिनी वस्तीतल्या कागदी दिव्यांकडे. मला दोन्ही पटतात, आणि कोणत्याही एकाची फारशी निकड वाटत नाही. वाऱ्यात ज्योत घेऊन चालायचं असेल तर तिला कागदाचा आडोसा करावा हे सुचायला कोणत्याही देशातून शिकवण यावी लागत नाही.

ताऱ्याचा पारोल मात्र आजच्या रूपात बराच नवा आहे. पाम्पांगा प्रांतातला फ्रान्सिस्को एस्तानिस्लाओ नावाचा मीठविक्या, त्यानं १९०८ मध्ये कामट्या आणि जपानी कागदाचा पाच टोकांचा पारोल केला, अशी सर्वमान्य कथा आहे. म्हणजे स्पॅनिश राज्य जाऊन दहा वर्षं झाल्यावर, अमेरिकन राज्यात. इथे एक मोह होतो. फिलिपिन्सच्या ध्वजावर पाच टोकांचे तीन तारे आहेत, आणि अमेरिकन सरकारनं १९०७ मध्ये कायदा करून तो ध्वज लावायला बंदी घातली, ती १९१९ पर्यंत होती. ध्वजावरचा तारा बंद झाला आणि वर्षभरात खिडकीत ताऱ्याचा कंदील आला! मी हे वाक्य वहीत लिहिलं, दोनदा वाचलं आणि खोडलं. बेथलेहेमच्या ताऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या सणात तारा करायला बंदी घातलेल्या ध्वजाची गरज नसते. इतिहासात असे योगायोग पुष्कळ असतात आणि ते लेखकाला फार आवडतात.

ज्या पाम्पांगातून एस्तानिस्लाओ आला, तिथला पारोल माणूस एकटा करत नसे. मनिलाच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर सान फर्नांदो हे या प्रांताचं मुख्य शहर आहे. तिथली भाषा कापाम्पांगान, तिच्यात पारोलला ‘पारुल’ म्हणतात. तिथे नाताळाआधीच्या नऊ दिवसांना ‘लुबेनास’ म्हणतात. ‘नोवेना’चं ते स्थानिक रूप. प्रत्येक वाडी आपला कंदील करत असे. तो फार मोठा नसे, दोनेक फुटांचा. १६ डिसेंबरपासून रोज तो मिरवत वाडीतल्या छोट्या प्रार्थनाघरापर्यंत न्यायचा. चोवीस तारखेच्या मिस्सेआधी सगळ्या वाड्यांनी आपापला कंदील आणि आपापल्या संताची मूर्ती घेऊन मुख्य गावच्या चर्चशी जमायचं.

दिवाळी अंकाच्या वाचकाला इथे पुढचं सांगायची गरज नसावी. दहा वाड्यांचे दहा कंदील एका चौकात शेजारी शेजारी आले की काय होतं ते आपल्या गणेशमंडळांनी दाखवून दिलेलं आहे. पुढल्या वर्षी प्रत्येक कंदील थोडा मोठा झाला. मग एकट्या वाडीला तो झेपेना, तेव्हा दोन-तीन छोट्या वाड्या एकत्र आल्या. आणि अशा रीतीनं भक्तीतून ‘लिग्लिगान पारुल’, म्हणजे कंदिलांची स्पर्धा, निघाली. प्रांताची राजधानी १९०४ मध्ये शेजारच्या बाकोलोरहून सान फर्नांदोला आली, तिच्यामागून हा सोहळाही आला असं मानतात. स्पर्धा कधी सुरू झाली, यावर एकमत नाही. काही जण १९०८ म्हणतात (हे साल एस्तानिस्लाओच्या कथेतही आहे, त्यामुळे मला त्याचा थोडा संशय येतो), काही जण १९३१. त्या वर्षी कंदिलात पहिल्यांदा वीज आली. राष्ट्राध्यक्ष मान्वेल केसोन यांच्या सन्मानासाठी ती स्पर्धा भरवली असंही सांगतात, कारण त्यांचं विश्रांतीचं घर जवळच आरायातला होतं. पण केसोन राष्ट्राध्यक्ष झाले १९३५च्या नोव्हेंबरात; १९३१ मध्ये ते सेनेटचे अध्यक्ष होते. लोकांच्या आठवणीनं त्यांना चार वर्षं आधीच बढती दिली. अशा चुकांवर मी चिडत नाही. त्या सांगतात की ही आठवण कागदावरची नाही, माणसांची आहे.

वीज आल्यावर खरी गंमत सुरू झाली. कंदिलात आता रंगीत बल्ब होते आणि शेजारी बँड वाजत होता, तेव्हा दिव्यांनी तालावर नाचावं असं वाटणं ओघानं आलंच. सुरुवातीला प्रत्येक दिव्यांच्या गटाला वेगळं बटण असे आणि वाडीतली माणसं बँड ऐकत हातानं ती बटणं दाबत. एकाचा ताल चुकला की अख्खा तारा अडखळायचा. १९५७ मध्ये रोदोल्फो डाविड या कारागिरानं यावर जो उपाय काढला, तो वाचून मी खुर्चीतून उठले. त्यानं लोखंडी पिंप आडवं बसवलं. दिव्यांच्या प्रत्येक गटाची तार एकेका हेअरपिनला जोडली आणि त्या हेअरपिनांची टोकं पिंपाच्या पत्र्यावर टेकवली. पिंपात वीज सोडलेली. आता पिंप फिरवलं की उघड्या पत्र्यावर असलेल्या पिनेचे दिवे लागणार. आणि जिथे दिवे विझायला हवेत तिथे पत्र्यावर चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे पीन तिच्यावर आली की वीज तुटते. पट्टी कुठे लावायची आणि किती लांब, यावर सगळा नाच ठरतो. जुन्या वाद्यपेटीतल्या खिळे मारलेल्या नळकांड्यासारखीच ही युक्ती, फक्त सुरांऐवजी प्रकाश.

आज या कंदिलांचा व्यास वीस फुटांच्या घरात असतो, आत हजारो बल्ब असतात, कंदील ट्रकवर बसवलेला असतो आणि त्याच्या मागे पिंपांची रांग असते. ही पिंपं फिरवायला माणसं लागतात. डिसेंबरात, नाताळच्या आधी स्पर्धा होते. संगणकानं हे सगळं सहज होईल, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण पिंपाच्या पत्र्यावर पट्टी लावत रात्री बसणं हे वाडीचं काम आहे, आणि ते महिनोन्‌महिने चालतं. पैसा, सामान, नक्षी, श्रम हे सगळं बारांगायमधून, म्हणजे वस्तीतून, गोळा होतं. मला इथे माझी चूक कळली. मी कंदिलाचं वय शोधत होते. पाम्पांगाच्या माणसांनी कंदिलात कागद, प्लास्टिक, फायबर, मेणबत्ती, बल्ब, हेअरपिना असं सगळं बदललं आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. एकच गोष्ट त्यांनी बदलली नाही: तो कुणी करायचा. कंदील वस्तीनं करायचा.

त्या वस्त्यांवर काय गुदरलं, तेही सांगायला हवं. १५ जून १९९१ रोजी पिनातुबो ज्वालामुखीचा महास्फोट झाला. स्फोटापेक्षा वाईट होतं ते पुढच्या पावसाळ्यांत आलं. डोंगरावर साचलेली राख पाण्याबरोबर खाली उतरू लागली. ओल्या सिमेंटसारखा हा लोंढा, ‘लाहार’, दर वर्षी गावांवर यायचा. १ ऑक्टोबर १९९५ ला त्यानं बाकोलोर गाडलं, तेच जुनं राजधानीचं बाकोलोर. शेकडो माणसं गेली. तिथलं सान गियेर्मोचं चर्च बारा मीटर उंच होतं, त्यातलं सहा मीटर जमिनीखाली गेलं. गावकऱ्यांनी वेदी खणून वर काढली आणि नव्या जमिनीच्या पातळीवर बसवली. आज लोक त्या चर्चमध्ये पूर्वी ज्या खिडक्या होत्या त्यांतून आत जातात. सान फर्नांदो वाचलं, पण थोडक्यात. लोंढा अडवायला प्रचंड बांध घालावा लागला. उठलेल्या गावांची माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत विखुरली. वाडी उरली नाही तर वाडीचा कंदील कोण करणार, हा प्रश्न पाम्पांगात तेव्हा पुस्तकी नव्हता.

जगाच्या बाजारात मात्र पारोलची ओळख वेगळीच झाली. मनिलाच्या विमानतळावर, परदेशातल्या फिलिपिनो घरांच्या खिडक्यांत आज दिसतो तो ‘कापिझ’चा पारोल: पातळ, दुधी, अर्धपारदर्शक शिंपल्याचे तुकडे तारेच्या चौकटीत बसवलेला. कापिझ हे तिथल्या एका प्रांताचं नाव, शिंपल्यालाही तेच. पूर्वी काच महाग होती तेव्हा तिथल्या दगडी वाड्यांच्या खिडक्यांना याच शिंपल्याची तावदानं असत. गोव्याच्या वाचकांना हे ऐकून काहीतरी आठवेल. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना जे चौकोनी शिंपले दिसतात, ते याच जातीच्या कालव्याचे. चिखलीच्या खाडीत तो आजही सापडतो. १५८० ते १६४० ही साठ वर्षं गोवा आणि मनिला एकाच राजाच्या अंमलाखाली होते, आणि दोन्हीकडच्या साहेबांच्या घरात एकाच शिंपल्यातून गाळलेलं ऊन पडत होतं. गोव्यात नाताळचा तारा, नखेत्र, कामट्या आणि कागदाचाच करायची रीत आहे. शिंपला मात्र तिथे खिडकीतच राहिला. फिलिपिन्समध्ये तो कंदिलात गेला, आणि कंदील कारागिराच्या दुकानात गेला.

कापिझचा पारोल सुंदर असतो, टिकाऊ असतो, वर्षभर कपाटात ठेवून पुन्हा काढता येतो. मला तो आवडतो. पण तो घरी करता येत नाही. एका बाजूला वीस फुटी ट्रकवरचा, दुसऱ्या बाजूला हा शिंपल्याचा. मधल्या मधे दोन फुटांचा कागदी तारा शाळेच्या गुणांपुरता उरला, आणि तोही वडिलांच्या हातचा. आतेंनी त्या दिवशी सांगितलेली गोष्ट त्यांच्या एकट्या घरची नव्हती.

मग सान फ्रान्सिस्कोत तो परत कसा आला?

या शहरात फिलिपिनो मजूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. शेतमजूर, खलाशी, हॉटेलातले नोकर; बहुतेक एकटे पुरुष. त्यांची वस्ती, मनिलाटाउन, कर्नी स्ट्रीटवर होती, आणि तिचा शेवटचा तुकडा म्हणजे इंटरनॅशनल हॉटेल नावाची खोल्यांची जुनी इमारत. आजूबाजूला बँकांचे मनोरे चढत होते. नऊ वर्षं म्हातारे भाडेकरू आणि त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले विद्यार्थी भांडले. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे हजारो माणसं हातात हात घालून इमारतीभोवती उभी असताना पोलिसांनी ती साखळी तोडली आणि म्हाताऱ्यांना एकेक करून बाहेर काढलं. इमारत पाडली. त्या जागी वृद्धांसाठी नवी इमारत उभी राहायला २००५ साल उजाडलं.

मार्केटच्या दक्षिणेची सोमाची वस्ती ही त्याच शहरातली दुसरी. १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर तिथे कुटुंबं आली. आयरिश स्थलांतरितांनी बांधलेलं मिशन स्ट्रीटवरचं सेंट पॅट्रिक चर्च हळूहळू फिलिपिनो झालं. पण इथेही पुनर्विकास आला: येर्बा बुएना प्रकल्पात, म्हणजे आज जिथे बागा, संग्रहालयं आणि प्रदर्शनाची दालनं आहेत तिथे, हजारो गरीब भाडेकरूंची घरं गेली. वस्तीनं लढून वृद्धांसाठी काही इमारती मिळवल्या, आणि आसपासच्या गल्ल्यांना नावं दिली गेली: रिझाल, मबिनी, बोनिफासिओ, लापु-लापु. मी त्या गल्ल्यांतून चालले आहे. पाट्यांवर क्रांतिकारकांची नावं आणि वर काचेच्या इमारती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटरनेट कंपन्यांचा पैसा आला आणि भाडी पुन्हा चढली.

२००३ मध्ये इथे पारोलचा उत्सव आणि मिरवणूक सुरू झाली, ती या पार्श्वभूमीवर. मिरवणुकीच्या आधी काही आठवडे कार्यशाळा होतात. शाळांत, सभागृहांत, मिळेल तिथे. मिरवणुकीत विकतचा नव्हे तर हातानं केलेला कंदील घेऊन यायचा, म्हणून आधी कार्यशाळा. नंतर, २०१६ मध्ये, शहरानं सोमातल्या या भागाला फिलिपिनो सांस्कृतिक वारसा क्षेत्राचा दर्जा दिला. तो एकट्या कंदिलांमुळे मिळाला असं मी म्हणणार नाही. त्यामागे वकील, संघटना, सह्यांच्या मोहिमा आणि चाळीस वर्षांची भांडणं आहेत. पण नगरपालिकेच्या कागदावर वस्ती दिसण्याच्या आधी तेरा वर्षं ती दर डिसेंबरात रस्त्यावर दिसत होती, प्रत्येकाच्या हातात दिवा घेऊन. चोवीस तारखेला वाडीचा कंदील घेऊन चर्चशी येणाऱ्या माणसांना ते नवीन वाटलं नसतं. आम्ही इथे राहतो, हे त्या कंदिलाचं म्हणणं पाम्पांगातही होतंच.

मला सुरुवातीला हसू आलं होतं ते आतेंच्या ‘परंपरे’चं. मनिलात विकत घेतलेली वस्तू कॅलिफोर्नियात शिकून पुन्हा मनिलाची म्हणून शिकवायची, याला माझ्या क्षेत्रात एक तयार शब्द आहे, ‘कल्पित परंपरा’, आणि तो मी मनातल्या मनात वापरूनही टाकला होता. आता तो मी मागे घेते. कामट्या बागकामाच्या दुकानातून आणलेल्या होत्या, सुतळीच्या जागी रबरबँड होतं, खळीच्या जागी ट्यूबमधला डिंक. यांपैकी कशानंही पाम्पांगाचा माणूस बिचकला नसता. त्यानं हेअरपिना वापरल्या. पन्नास माणसं एका टेबलाशी बसली होती, हे त्यानं पाहिलं असतं.

माझं एक गाऱ्हाणं मात्र आहे. कामट्या आधीच चिरून, घासून ठेवलेल्या होत्या. बांबू चिरताना सुरी गाठीवर अडते, कामटी एका बाजूला पातळ होत जाते, बोटात कूस जाते. कंदील तिथे शिकला जातो. दोन तासांत पन्नास तारे करायचे तर ते जमणार नाही हे मला कळतं. तरीही. मी आतेंना तसं म्हटलं, तर त्यांनी मला आपला डावा अंगठा दाखवला. सगळ्या कामट्या आदल्या रात्री त्यांनी आणि काठीवाल्या आजोबांनी चिरल्या होत्या.

तारा घेऊन मी भाचीच्या घरी आले. दोन खालच्या टोकांना क्रेपच्या झिरमिळ्या, पोटात बॅटरीवरचा दिवा. तिनं तो खिडकीत टांगला. तिच्या कपाटात आपला आकाशकंदील होता, भारतातून मागवलेला, घडी घालून ठेवता येणारा, प्लास्टिकच्या जरीचा; दर दिवाळीला तो खोक्यातून निघतो आणि तुळशीच्या लग्नानंतर खोक्यात जातो. त्याबद्दल मी काही बोलले नाही. माझ्या घरीही तसाच आहे.

गेल्या वर्षी आश्विनात तिचा फोन आला. चौकोनी कंदिलाला किती कामट्या लागतात, मावशी, आणि बाजूच्या त्या करंज्या कशा जोडायच्या? तिच्याबरोबर शेजारची नर्स आणि तिची दोन मुलं होती, असं मागच्या गोंगाटावरून वाटलं. बार्बेक्यूच्या काड्या आणल्या होत्या. डिंकानं पतंगी कागद सुरकुततोय, म्हणाली. मी म्हटलं, डिंक राहू दे, खळ कर. मैदा आधी गार पाण्यात कालव, गुठळी राहता कामा नये. मग उकळत्या पाण्यात ओत आणि ढवळत राहा, पारदर्शक दिसेपर्यंत. आई त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, झुरळं खाऊ नयेत म्हणून. ते तिथे नको शोधत बसू, आणि मुलं असताना तर नकोच. थंड होऊ दे. बोटानं लाव, ब्रशनं नाही.